गोल टेबल आणि आठ खुर्च्या

ता. ४ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मी बसदुरुस्तीच्या कारखान्याचा प्रमुख झालो, हे बाबांनी कळवलं असेलच. आल्या आल्या लांबट टेबल काढून गोल आणलं. गोल टेबलाला वरचं टोक नसतं, म्हणजे कुणी साहेब नाही. रोज सकाळी दहाला बसतो आणि सगळे मन मोकळं करतात. भिंतीवर सर्वांचा हसरा फोटो लावलाय, खाली ‘आपण एक कुटुंब’.

एकच खटकतंय. आमची वेल्डर, रात्रपाळीतली एकटी बाई, तिने राजीनामा दिलाय. कारण विचारलं तर म्हणाली, टेबल छान आहे. ती गेली की रात्रपाळीचे बाकीचेही जातील, आणि मग बस दुरुस्त करणार कोण? फोटोत तर तिला मुद्दाम मधोमध उभं केलं होतं. तू जन्मभर कामगारांपुढे भाषणं केलीस, म्हणून विचारतो, माझं काय चुकलं?

गुडघे सांभाळ.

तुझा ठोंब्या

ता. ९ जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद. शिव्या पुढे आहेत.

तुझा बाप तिथे जाऊन आला, त्याने सांगितलं की टेबलाभोवती खुर्च्या आठच आहेत. माणसं तेवीस. उरलेले काय भिंतीला टेकून मन मोकळं करतात? आणि रात्रभर ठिणग्या झेललेली बाई सकाळी दहाला झोपेल, की तुझ्या टेबलाची गोलाई बघायला येईल? तिच्या कामाचं सगळं तिच्या माघारी ठरवतोस आणि फोटोत तिला मधोमध उभी करतोस. दुकानदारही चांगला माल काचेत मांडतो, पण त्याला तो समता म्हणत नाही.

कुटुंब म्हणे. आपल्या कुटुंबात तुझा बाप आणि काका एका भिंतीपायी सात वर्षं बोलले नाहीत. मालकांच्या तोंडून हा शब्द मी गेटावर पुष्कळ ऐकलाय. तो आला की समजायचं, जादा काम फुकटात मागणार.

माणसं जोडायला फर्निचर लागत नाही. ज्याचं कुणीच ऐकत नाही, त्याच्या वेळेला त्याच्या जागी जायचं आणि तोंड बंद ठेवायचं. शेवटचं तुला जमणार नाही. दात काढतानासुद्धा तू डॉक्टरला सल्ले देत होतास.

माया आहे, पण ती या पत्रात शोधू नकोस.

आत्या

ता. १६ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर धुमसत होतो. मग पहाटे, पाळी बदलताना गेलो. उघड्या इंजिनाभोवती सगळेच उभे राहिलो. वेल्डरला म्हटलं, का चाललीस ते सगळ्यांसमोर सांग. आधी ती हसली, मग सुटलीच. तिने वेल्ड केलेला जोड कुणी तपासायच्या आत दिवसपाळीवाले त्यावर रंग मारतात आणि तडा गेला की बोट तिच्याकडे दाखवतात. बाईला कपडे बदलायला जागा नाही, ती सामानाच्या खोलीत दाराला पाठ लावून बदलते. आणि पाहुणे आले की मी तिला मिरवतो, पण पाळी बदलल्याचं तिला भिंतीवर वाचून कळतं. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आमच्या म्हाताऱ्या फिटरने मला गप्प केलं.

बैठकीच्या खोलीला आतून कडी बसवून ती खोली तिला कपडे बदलायला दिली. गोल टेबल बाहेर काढलंय, त्यावर पाने-पकडी ठेवतो. राजीनामा तिने मागे घेतलाय. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही. म्हणाली, बोलायचं अजून निम्मं राहिलंय.

उद्या पहाटे मला बोलावलंय.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर पत्रं लांबतील.

तुझा ठोंब्या