एकास पन्नास या प्रमाणात आमची गल्ली

१२ जानेवारी, सोमवार
शाळेच्या ग्रुपवर टीचरचा मेसेज. पहिलीचा प्रोजेक्ट: आपली गल्ली आणि आपल्याला मदत करणारी माणसं. घरातल्या टाकाऊ वस्तू वापरायच्या. मुलांनी स्वतः करायचं, पालकांनी फक्त मदत करायची. पुढच्या आठवड्यात शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन. गल्लीतल्या माणसांनाही बोलावणं आहे.
संकल्प: टिल्लीच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. लेक सहा वर्षांची झाली, करू दे तिचं तिला. आपण लांबून मार्गदर्शन करायचं. अर्थात, ज्या बापाने जन्मभर ऑफिसात इमारतींचे नकाशे काढले, त्याच्या लांबून बघण्यालाही काही दर्जा असतोच.

१३ जानेवारी, मंगळवार
टिल्लीने बुटांच्या खोक्यावर खिडक्या काढल्या. चार खिडक्या, चार आकार. एक चक्क गोल. आपल्या गल्लीत गोल खिडकी कुठे आहे, असं प्रेमाने विचारलं. म्हणाली, आतून कुणीतरी बघतंय म्हणून गोल झालीय. पट्टी हातात घेतली ती फक्त दाखवण्यापुरती. तेवढ्यात ती खेळायला पळाली. बरंच झालं. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावं. खिडक्या मी सरळ केल्या.

१५ जानेवारी, गुरुवार
करायचं तर नीट करायचं. प्रमाण ठरवलं: एकास पन्नास. ऑफिसला जाताना टेप घेऊन गल्ली मोजली. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याने विचारलं, साहेब, रस्ता रुंद होणार का? त्याला सांगितलं, पहिलीचा प्रोजेक्ट आहे. त्याचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी परत येईपर्यंत गल्लीभर बोंब, की आमच्यामुळे दुकानं पडणार. लोकांना शिस्तीने केलेलं काम बघायची सवयच नाही.

१७ जानेवारी, शनिवार
वादळी दिवस. टिल्लीने रंगीत मातीची भाजीवाली केली. पट्टी लावून बघितली. प्रमाणात धरली तर बाईंची उंची तेवीस फूट! आमच्या दुमजली इमारतीच्या गच्चीवरून डोकं वर. टिल्लीला मांडीवर घेऊन प्रमाण म्हणजे काय ते समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पण ती मोठीच आहे बाबा. ती पार तिकडून हाक मारते तरी मला इथे ऐकू येते.
पाच वर्षांपुढच्या मुलांना तर्क कळतो असं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे.
नियम केला: माणसं साडेतीन सेंटिमीटरच्या आत. तिने प्रयत्न केला. नाक चिकटवलं की डोकं गळून पडे. मग भोकाड. ही बाहेर येऊन म्हणाली, प्रोजेक्ट नक्की कुणाचा आहे? मी म्हणालो, घराचा. ही परत आत गेली. म्हणजे पटलं असावं.
निर्णय: माणसं नकोत. नकाशात कुणी कधी माणसं दाखवतं का? माणसांचं टिल्ली तोंडी सांगेल.

१९ जानेवारी, सोमवार
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांना सांगितलं, मुलीच्या शिक्षणाचं काम आहे. खोटं नाही.
जिन्यात खालच्या मजल्यावरचा डेंटिस्ट भेटला. त्याचा मुलगा टिल्लीच्याच वर्गात. मागच्या वर्षीचं बक्षीस त्याचंच. म्हणाला, पोरगा एकटाच करतोय, आम्ही फिरकतही नाही तिकडे. इतकं धडधडीत खोटं बोलायला छाती लागते. चीड आली. घरी येऊन गल्लीतल्या दिव्यांना बॅटरी जोडली. आता लागतात सुद्धा.

२१ जानेवारी, बुधवार
फेविकॉल बोटांना, पँटला, भुवईला. फक्त पुठ्ठ्याला चिकटत नाही.
टिल्लीला आज मुद्दाम बोलावून एक झाड लावायला दिलं. सहभाग महत्त्वाचा. तिने ते भर रस्त्यात लावलं. म्हणे, भाजीवालीला ऊन लागतं. वाहतुकीला अडथळा म्हणून काढलं. हल्ली ती प्रोजेक्टच्या जवळ येत नाही, आईबरोबर स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड करत बसते. आजकालच्या मुलांत चिकाटीच राहिली नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
गल्ली तयार! गटारांच्या झाकणांसकट. टिल्लीला भाषण लिहून दिलं: मी ही प्रतिकृती एकास पन्नास या प्रमाणात केली आहे. तिने विचारलं, मी केली असं का म्हणायचं? म्हटलं, तशी पद्धत असते. ही आत भांडी जरा जास्तच जोरात घासत होती.

२४ जानेवारी, शनिवार, सकाळ
इस्त्रीचा शर्ट घातला. बक्षीस मिळताना आपण मागे उभं राहायचं, पुढे पुढे करायचं नाही. फोटोत मात्र दिसलं पाहिजे.

२४ जानेवारी, शनिवार, दुपार
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
हॉलभर वाकडी खोकी आणि लोंबकळणारे कागद. डेंटिस्टच्या मुलाची गल्ली तर सर्वांत वाकडी. खरंच एकट्याने केली होती की काय! आमचे दिवे लागले तेव्हा दोन-चार पालक थांबले. मग भाजीवाली आली. नवी साडी नेसून. कडेकडेने वाकून सगळी गल्ली बघितली आणि विचारलं, यात मी कुठंय? तिला समजावलं, हातगाडी तात्पुरती असते, आम्ही कायमचं बांधकामच दाखवतो. ती म्हणाली, साहेब, तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून उभी आहे मी तिथं. कुलूपवाल्याने मात्र आपलं दुकान शाबूत आहे ना, एवढं बघून घेतलं.
टीचरने टिल्लीला माहिती सांगायला सांगितली. टिल्ली भाषण विसरली नाही, तिने ते केलंच नाही. म्हणाली, ही बाबांची गल्ली आहे. इथे कुणी राहत नाही. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.
मग तिने दप्तरातून डबा काढला. तो हिनेच भरून दिला होता, हे नंतर कळलं. डब्यातून एकेक माणूस निघालं. पहिली आली भाजीवाली, तेवीस फुटांची. मागून कचरागाडीवाले काका, स्वतःपेक्षा मोठी किल्ली धरलेला कुलूपवाला, टीचर आणि आई. टिल्लीने त्यांना टेबलावर गोल बसवलं आणि कोण काय करतं ते सांगत सुटली. भाजीवालीने स्वतःला हातात घेऊन बघितलं, माझं नाक एवढं आहे होय, म्हणाली आणि डोळे पुसले. गर्दी वाढली. जागा करायला कुणीतरी माझी गल्ली उचलून खिडकीखाली ठेवली. निघताना तिच्यावर चहाचे रिकामे कप होते.

२४ जानेवारी, शनिवार, संध्याकाळ
घरी येताना टिल्लीला सहज विचारलं. सगळे होते, मग मी कुठे होतो? तिने खरोखर विचार केला. म्हणाली, मदत करणारी माणसं करायची होती ना बाबा. तू तर प्रोजेक्ट करत होतास.
फार लागलं. थोडं पुढे गेल्यावर विचारलं, मग आता करशील का मला? म्हणाली, माती संपली. भाजीवालीलाच खूप लागली.