पोटाचा दोष

प्रिय आई,

फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणतेस आणि विषय तोडतेस. शेजारी आजी बसलेली असते, तेही मला कळतं. म्हणून हे पत्र. दुपारी सगळे लवंडले की निवांत वाच.

पुण्यात माझं बरं चाललंय. मेसचं वरण तेवढं पांचट असतं. कुलदीप सांगत होता, परवा मुरूम गावातल्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात मोबाईल उघडताना त्याचा अंगठा सटकला. गिऱ्हाईक घाबरलं आणि यानं हसत हसत तो जागेवर बसवला! माझा हा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा कसा लुळा होता, मला आठवतं. मान धरेना. पुढं पाठ वाकत गेली. जरा खरचटलं की कातडी कागदासारखी फाटायची. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ग्रहणात विळी हातात घेतली हिनं. हिच्या पोटालाच दोष हाय." अण्णा मान खाली घालून बाहेर निघून जायचे. तू सोनारीला काळभैरवाकडं खेटे घातलेस, उपास केलेस, आणि कुणाचं बाळ मांडीवर घेताना आधी त्याच्या आईच्या तोंडाकडं बघायला लागलीस. घेऊ का, असं विचारल्यासारखं. ते बघणं मला लई लागलं, आई. मी या प्रयोगशाळेत आले ती त्यामुळंच.

गावात तू सांगतेस की पोरगी रक्त तपासती. तसं नाही. आपल्या कातडीत, सांध्यांत, हाडांत कोलॅजनचे धागे असतात. ते एकमेकांना घट्ट बांधले जायचे, तर आधी त्यांच्यावर ठरावीक जागी रासायनिक खुणा पडाव्या लागतात. त्या खुणा करणारं एक प्रथिन शरीर स्वतःच बनवतं, त्याला एन्झाइम म्हणतात. माणसाच्या अंगातून ते पुरेसं काढता येत नाही. म्हणून ते बनवायची माणसातली सूचना, म्हणजे जनुक, आम्ही किड्याच्या पेशींत घालतो, आणि त्या पेशी आम्हाला माणसाचं एन्झाइम बनवून देतात. मी दोन तऱ्हांचं बनवलं. एक निरोगी माणसाचं आणि एक कुलदीपच्या सूचनेबरहुकूम. पहिल्यानं धाग्यांवर खुणा केल्या. कुलदीपच्यानं जवळजवळ केल्याच नाहीत. मी पुन्हा करून पाहिलं, आमच्या मॅडमनी दुसऱ्या मुलीकडूनही करून घेतलं. तेच आलं. हे औषध नाही, आई. ते फक्त संशोधनापुरतं आहे, त्यानं कुलदीपची पाठ सरळ होणार नाही. खोटी आशा मी तुला देणार नाही. पण ग्रहण आणि विळी मात्र आता कुणी माझ्यापुढं काढून दाखवावी.

तुझं आणि अण्णांचं रक्त नेलं होतं, त्याचंही कळलं. प्रत्येकाकडं त्या सूचनेच्या दोन प्रती असतात. तुम्हा दोघांची एकेक प्रत बिघडलेली आहे, पण दुसरी चांगली, म्हणून तुम्ही धडधाकट. कुलदीपच्या वाट्याला दोघांचीही बिघडलेलीच आली. आणि बिघाड दोघांत अगदी एकच आहे. असणारच. तू अण्णांच्या मामाची मुलगी, आजी तुझी सख्खी आत्या. तिच्या माहेरातून तो तिच्यामार्फत अण्णांकडं आला आणि तुझ्या वडिलांमार्फत तुझ्याकडं. यात आजीचाही दोष नाही. पण जिनं जन्मभर तुझ्याकडं बोट दाखवलं, तिला हे कळलंच पाहिजे, आणि मी ते तिला समोर बसून सांगणार आहे. कुलदीपला आधी विचारलं. म्हणाला, "सांग की सगळ्यांला. म्या काय चोरी केली व्हय?"

आता हे आजच का लिहिलं ते सांगते. रविवारी कृष्णराजदादाच्या बायकोचं, चैतालीचं डोहाळजेवण. तिच्या सासूनं, आपल्या काकूनं, तुला बजावलं, "जाऊबाई, तुमी सैपाकाचं बघा, ओटीला पुढं येऊ नका." आणि मला तू कौतुकानं सांगितलंस, "पुरणाचं काम माझ्याकडं आहे!" खरं काय ते कुलदीपनं सांगितलं. मी थेट चैतालीला फोन लावला. दादाही आजीचाच नातू, बिघडलेली प्रत काकांमार्फत त्याच्याकडंही आली असेल, म्हणून त्याचं रक्तही तपासावं लागेल, हेसुद्धा लपवलं नाही. वाटलं, घाबरेल. तिनं सगळं नीट विचारून घेतलं, दोघांची तपासणी करायचं ठरवलं आणि म्हणाली, "ताई, मोठ्या आईंनी पहिली ओटी भरल्याबिगर मी पाटावरनं उठणार न्हाय. बसू द्या सगळ्यांला उपाशी." मोठ्या आई म्हणजे तू, कळलं ना? काकूला तिनं तोंडावर सांगूनही टाकलंय. घरात भांड्यांची आदळआपट चालली असेल, तर ती त्याचीच. मी शनिवारी उमरग्याला उतरून येते. रविवारी पुरणाचं काय व्हायचं ते होऊ दे. तू जांभळी इरकल नेसून बाहेर ये, सगळ्यांच्या पुढं उभी राहा, आणि भर तिची ओटी.

शनिवारी दारात उभी राहणारी,
तुझीच
अर्पिता