बेटावर जायच्या आधी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. एरवी पाकीट फोडताफोडताच उत्तर जुळवणारी मी या वेळी गप्प का, म्हणून तू चांगलीच करवादली असशील. दोनदा तुझा फोन आला तेव्हा मी यांना सांगायला लावलं, की ती अंघोळीला गेलीय. संध्याकाळी सहाला कसली अंघोळ, हे तुला कळलं असणारच. यांनाही कळलं, पण तीस वर्षांच्या सहवासात माणूस काय विचारायचं नाही हे शिकतो. फोनवर मला हे जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलेय. शेवटपर्यंत वाच. मधेच उठून कुणाच्या घड्याळाचा पट्टा बदलायला जाऊ नकोस.

आधी तू सोपवलेलं काम. बेटावर जाणारी बोट सकाळी साडेआठला सुटते, परतीची दुपारी चारला, आणि वारा असेल तर दोन्ही सुटत नाहीत. विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाशी बोलले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळतील, तू लिहिल्याप्रमाणे एकीत तू आणि मी, दुसरीत आपल्या विद्यालयातल्या बाई. पहिल्या दिवशी बेटाभोवतीच्या सपाट पायवाटेने पक्ष्यांच्या कड्यापर्यंत जायचं आणि वाटेत ते शंख-शिंपल्यांचं इवलंसं संग्रहालय बघायचं. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत दीपगृह. पायऱ्या तीनशे बारा. आता दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा आहे, दर पन्नास पायऱ्यांवर बाकडं आहे. तुझ्या डाव्या पायाला हे झेपेल का, असं मी व्यवस्थापकाला विचारलं तर तो म्हणाला, ताई, लोक कडेवर पोरं घेऊन चढतात. तू चढशीलच, मला शंका नाही. जिथून घसरलीस तिथे उभं राहून समुद्र बघायचाय, असं तू लिहिलंयस. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय, की आता कागद घडीवर फाटायला आलाय.

आणि बाईंबद्दलचं तुझं ते वाक्य. त्यांचा भाचा तुझ्याच दुकानात घड्याळ दुरुस्तीला घेऊन यावा आणि बोलताबोलता आपल्या भूगोलाच्या बाईंचा पत्ता निघावा, हा योगायोगच. त्या शहात्तर वर्षांच्या झाल्या, शिकवण्या घेऊन दिवस काढले, हे वाचून मी ताट बाजूला सारलं. तू मोठ्या मनाची. तुझं म्हणणं, बाईंना बेटावर न्यायचं, खाली बागेत बसवायचं आणि त्यांचा हात हातात घेऊन सांगायचं, की झालं गेलं विसरले, तुम्हाला माफ केलं. बाईंनी यायचं कबूल केलं; पण उत्तरात एक ओळ घातली, की मी येईन, मात्र त्या दिवशी मी हजेरी घेतली होती, एवढं तुला समोर बसून पुन्हा सांगेन. त्यावर तू लिहितेस, म्हातारी अजून हट्टी आहे गं, आपण हसून सोडून देऊ. भिंगरे, मला नाही हसता येणार.

आमच्या शाळेत माझ्या हजेरीची थट्टा होते, हे तुला कधी सांगितलं नाही. तिसरीचा वर्ग, बेचाळीस मुलं, आणि मी एकेकाचं नाव घेऊन तोंड दिसेपर्यंत पुढे जात नाही. वर बघ म्हणते. दुसऱ्या वर्गांची कविता पाठ होते तरी माझी हजेरी चालूच. मुख्याध्यापक पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, या बाईंची शिस्त बघा. शिस्त कसली आलीय! खाई त्याला खवखवे.

अध्यापक विद्यालयातल्या सकाळच्या कवायती आठवतात ना? तू कायम उशिरा, पायात भिंगरी. माझा नंबर सात, तुझा एकोणीस. मधल्या अकरा जणी होईपर्यंत मला आवाज बदलायला उसंत मिळायची. नाकातून एक बारीक ‘हजर’ काढायची की काम फत्ते. हजेरी संपेपर्यंत तू धापा टाकत रांगेच्या शेपटाला येऊन उभी राहायचीस. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. बेटावरच्या त्या सहलीच्या आठवडाभर आधी मात्र बाईंनी बजावलं होतं, की खोटी हजेरी देताना जी सापडेल तिला परीक्षेला बसू देणार नाही. परीक्षा दीड महिन्यावर होती.

परत निघताना बेटाच्या धक्क्यावर वारा सुटला होता. नावाडी घाई करत होता. बाई एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने हजेरीपट धरून नंबर पुकारत होत्या. त्यांनी हजेरी घेतली होती गं. एक ते एक्केचाळीस, सगळे नंबर पुकारले. एकोणीस म्हटल्यावर त्यांना हजर ऐकू आलं, आणि ते मी म्हटलं. तू सांगितलं नव्हतंस, पण जीभ सवयीने वळली. वाटलं, दीपगृहावर रेंगाळली असशील, येतच असशील. मग बोटीत चढायची झुंबड उडाली. दोर सुटल्यावर मी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, छताखाली डोकावून आले. तू नव्हतीस. तेव्हा मला कळलं होतं. एक शब्द बोलले असते तर बोट तिथल्या तिथे वळली असती. पण मी मूग गिळून बसले. परीक्षा बुडेल, हाच एक विचार डोक्यात होता. मासेमारीची एखादी होडी तुला आणेल आणि तू मला चार शिव्या घालशील, अशी मी मनाची समजूत घातली. चांगली पाच मिनिटं. मग कुणीतरी ओरडलं, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तुझा पिवळा पोशाख, हात हलवत, दीपगृहाच्या पायऱ्यांवरून पळत खाली येणारा. बोट वळली ती तू पडल्यावर.

दवाखान्यात तू मला एकदाच विचारलंस, मुंगे, सवयीने तू तर नाही ना बोललीस? मी तुझ्या गळ्याची शपथ घेतली. प्लास्टरमधल्या तुझ्या पायाशी बसून घेतली. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस, उलट चौकशीत लिहून दिलंस, की बाईंनी नंबर पुकारलेच नसणार. मला विचारलं तेव्हा मी कानावर हात ठेवले. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही म्हणाले. बाई आपलं एकच सांगत राहिल्या, एकोणीसनं उत्तर दिलं होतं. नंबर न पुकारताच पटावर खुणा केल्या, असं ठरवून त्यांना काढलं. मी परीक्षेला बसले, पहिल्या वर्गात आले. तुला लंगड्या पायाने कुणी वर्गावर घेईना, म्हणून तू बसून करायचं काम शोधलंस. आणि इतकी वर्षं जो भेटेल त्याला सांगत आलीस, की मुंगीसारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं, रोज दवाखान्यात वह्या आणून द्यायची. दरवेळी मला जमिनीने पोटात घ्यावंसं वाटायचं, आणि दरवेळी मी हसायचे. लाज वाटते म्हणून सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून जास्त लाज वाटते, असं हे चौतीस वर्षं चाललंय.

तू माफ करायला निघाली आहेस आणि माणूस चुकीचा धरला आहेस, म्हणून हे पत्र. बाईंना तुझी माफी नको आहे, त्यांना आपलं खरं मानलेलं हवं आहे. कालच त्यांना सगळं लिहून पाठवलं. त्याची एक प्रत विद्यालयालाही, माझ्या सहीनिशी. ती दोन्ही पाकिटं पेटीत पडल्यावरच हे लिहायला बसले, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. तेव्हा माझ्यावर दया म्हणून गप्प राहायची वाट तुला उरलेली नाही. खोल्या तुझ्या आणि बाईंच्या नावाने ठरवल्या आहेत. माझं नाव मी घातलेलं नाही. ते घालायचं की नाही, हे तुम्ही दोघींनी ठरवा. नको म्हणालात तर मी का म्हणून विचारणार नाही. पण बाईंना ने, भिंगरे, आणि त्या सांगतील तेव्हा हसून सोडून देऊ नकोस. फक्त म्हण, हो बाई, तुम्ही हजेरी घेतली होती.

तुझी म्हणवून घ्यायला आज धजत नाही, तरी तुझीच,
मुंगी