दादींनी पाय मागे घेतले

९ जुलै १९९५
पोचले. गुडगावच्या पुढचं गाव. नव्या कॉलन्यांसाठी जमिनी विकलेल्या घरांचा सर्वे, आणि दोन महिने त्यातल्याच एका घरी मुक्काम. घरात चंद्रो दादी आणि सून बिमला. दादींचा मुलगा ट्रकवर, महिन्याने उगवतो.

दारातच विचारपूस. स्वरूपा कांबळे, नांदेड. "के जात सै?" बौद्ध, म्हटलं. मग सवयीने पाया पडायला वाकले — दादींनी झटकन पाय मागे घेतले. चटका बसावा तसे! "ना, ना," म्हणत आत निघून गेल्या.

एवढ्या लांब आले, पण ते माझ्याआधीच येऊन बसलंय.

१० जुलै
सर्वेचे कागद घेऊन दिवसभर बाहेरच राहिले.

१४ जुलै
दादी न विचारता माझ्या रोटीवर लोण्याचा गोळा ठेवतात. पाहुणी म्हणून करतात, झालं. माझा ग्लास वेगळा ठेवतात का, ते रोज बघते. नाही ठेवत. तरी बघते.

संध्याकाळी बिमला दादींचे पाय चेपते. शेजारची नवी सून आली, तीही पायांशी. दादी तोंडभर आशीर्वाद देतात. माझेच हात तेवढे चालत नाहीत.

आईला लिहिलं, माणसं मायाळू आहेत.

१९ जुलै
गच्चीवरून पलीकडे नव्या इमारतींच्या सळया दिसतात. तिथे आमची बाजरी असायची, दादी म्हणाल्या. एका खाटेवर दोघी, आणि इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

२१ जुलै
ऑफिसला अर्ज टाकला — पानिपतला मीनाक्षीच्या टीममध्ये पाठवा. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार?

२९ जुलै
उद्या तीज, श्रावणातला झोक्यांचा सण. दादींची मुलगी राजबाला सासरहून आली, वर्षाने. आईच्या गळ्यात पडली, पण पाया पडली नाही. दादी नुसत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

चुलीपाशी बिमलाला विचारलं, असं कसं? घुंघटातून हसली. "म्हारे में छोरी पाँय कोन्या लागती. पाँय तो बहू लागै." लेक पाया पडली तर पाप आईबापाला लागतं म्हणे. मी आले त्या दिवशी दादी आत येऊन कुरकुरल्या होत्या — "बावळी छोरी, मेरे सिर पाप चढावैगी!"

तीन आठवडे मी ग्लास तपासत बसले. लाज वाटली. रडू आलं, ते धुरावर ढकललं.

३० जुलै
दादींनी राजबालाला आणि मला एकाच ताग्यातलं कापड दिलं. हिरवं. आज झोक्यावर बसले. अर्ज रद्द करा म्हणून उद्या फोन करायचा.

३१ जुलै
बूथवर पोचायच्या आत ऑफिसची जीप दारात. अर्ज मंजूर. मी वाकले नाही, दादींनी डोक्यावर हात ठेवला. "तन्ने कौन ले जावै सै, छोरी?"

ऑफिस, म्हटलं.