कोकोच्या फुलातलं चिलट

कोमालकाल्को

प्रिय तेयो,

तेलविहिरीवरून धाडलेला तुझा निरोप पोचला. आपली कोकोची बाग दॉन विल्फ्रिदोला गुरांसाठी द्यायची, त्यानं झाडं तोडायची आणि मी तुझ्याकडे कार्मेन शहरात यायचं. उत्तर देते, पण आधी माझं ऐक.

तुझे बाबा गेले तेव्हा तू रजा काढून आलास आणि सगळी बाग साफ केलीस. कुजलेली पानं, केळीचे खुंट, कोकोची काळी पडलेली टरफलं, सगळं जाळलंस. मी त्यांना जन्मभर टोचायचे, "इसिदोरो, तुझ्यापेक्षा डुकरं बरी!" ते हसायचे, "राहू दे गं, झाडांना आवडतं." ती लख्ख बाग बघून मला रडू आलं. तुला वाटलं, आनंदानं.

मग खोडाखोडाला फुलं आली आणि गळून गेली. एक फळ धरेना. पुढच्या रजेत तू आलास तेव्हा शेजारची एउफ्रोसिना तुझ्यादेखत म्हणाली, "म्हाताऱ्याचा हात होता बागेवर. पोरानं कचऱ्याबरोबर तोही काढून टाकला." तू मान खाली घालून गेलास, तो परत आला नाहीस.

मला चैन पडेना. शाळेतून माश्यांवरचं पुस्तक आणलं. मधमाशीला चार पंख असतात, खऱ्या माशीला दोनच. मागच्या दोहोंच्या झिजून बारीक गाठी झाल्यात, उडताना तोल सांभाळायला. डायनोसोरांच्या काळापासून हे कुळ पसरतंय. कुणी रक्त पितं, कुणी शेणात वाढतं, एक तर जमिनीतून झिरपणाऱ्या तेलाच्या डबक्यात जन्मते. म्हटलं, ही आमच्या तेयोची भाऊबंद! आणि डासाच्या चुलत घराण्यात एक चिलट आहे, टाचणीच्या डोक्याएवढं. कोकोच्या फुलात मधमाशी मावत नाही. हे शिरतं, पराग नेतं. त्याची पिल्लं वाढतात कुजक्या टरफलांत, केळीच्या खुंटांत.

मी केळीचे नवे खुंट तोडून पुन्हा कोकोच्या झाडांखाली पसरले. पाऊस झाला, ते कुजले. आज सकाळी ओढ्याकडच्या झाडांवर बोटाएवढी हिरवी फळं दिसली. विल्फ्रिदोला सांगून टाकलं, "गुरं दुसरीकडे चारा."

रजा मिळत नाही म्हणतोस. बाळा, मला कळतं तू का येत नाहीस. बाबांची बाग आपण मारली, असं तू धरून बसलायस. म्हणूनच तुला ती डोळ्यांसमोर नको आहे. तू काहीही मारलं नाहीस. आईला उकिरड्यात राहावं लागू नये म्हणून राबलास, एवढंच. फळं धरलीत, स्वतः येऊन बघ. बाबा गेले ते मी सोसते आहे. जिता मुलगाही गमवायचा, हे मला झेपणार नाही.

तुझीच,
अजून बागेतच असलेली आई