पाठीत बसलेलं रीळ

४ सप्टेंबर

मालक माझ्याशी एक शब्द बोलला नाही! सगळं अण्णांशी. "समजतं का हिला?" हे मात्र मला त्याच्या ओठांवर स्वच्छ वाचता आलं. समोर मी बसलेली, मांडीवर शिवणकामाचं सर्टिफिकेट, आणि हा विचारतोय अण्णांना. मी काय बाजारात आणलेली शेळी आहे? अण्णा नुसते हात जोडून, "लई हुशार हाय पोरगी, मालक." हात कशाला जोडायचे?

ठरलं ते असं. पाटोद्याच्या या शेडमध्ये शाळांचे गणवेश शिवतात. दसऱ्यापर्यंत मला बघणार. मशीनवर बसवलं तर कायम. नाहीतर आई-अण्णांबरोबर ऊसतोडीला, फडातल्या झोपडीत, कोपीवर भाकरी थापायला. मला जायचं नाही. नाही म्हणजे नाही!

५ सप्टेंबर

दिवसभर धागे कापले. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते धागे. मशीनला हात नाही.

९ सप्टेंबर

वत्सलाबाई. आमची सुपरवायझर. हिला मी खुणेचं नाव ठेवलं — दातांवर बोट घासायचं. मिश्री! अंबाजोगाईला मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात आम्हा सगळ्यांना अशी नावं होती. इथं मला एकच नाव — मुकी. मोहिनी म्हणायला तोंड झिजतं यांचं.

आणि हाक कशी मारते ही बाई? रिकामं रीळ फेकून! पाठीत. आज मानेवर बसलं, वळ उठलाय. आम्ही कुणाला बोलवायचं तर दिवा चालू-बंद करायचो, नाहीतर खांद्यावर हात ठेवायचो. एवढं सोपं. खांद्याला हात लावल्यानं बहिरेपण लागत नाही, बाई!

बाकीच्या हसतात. संस्कृती हसत नाही. शेजारच्या मशीनवरची. कोण काय बोललं ते मोबाईलवर लिहून दाखवते, जसंच्या तसं.

११ सप्टेंबर

या बाईचा अजून एक जाच. शेडमध्ये तोंडाला स्कार्फ बांधायचा नाही. कापडाच्या धुळीनं सगळ्या खोकतात, तरी नाही! बांधला की जाऊन ओढते. कुणी विचारलं तर म्हणे शिस्त. मला फायदा — तोंडं वाचता येतात. पण म्हणून ती कमी दुष्ट ठरत नाही.

१३ सप्टेंबर

धीर करून मालकासमोर गेले. मशीनकडे बोट केलं, मग स्वतःकडे. तो वत्सलाबाईकडे वळला. ती बोलत सुटली. मोठ्यानं बोलत असणार, तिच्या शेजारी उभ्या बाईनं कान दाबला. संध्याकाळी संस्कृतीनं लिहून दाखवलं —

"मालक, हिला मशीन नगं. मागून हाक मारली तर ऐकू येत न्हाई. उंद्या सुईखाली बोट गेलं म्हंजी? आपल्याच गळ्यात येतंय ते."

बोट! ऐकू येणाऱ्यांची बोटं जात नाहीत? सुई काय कानानं चालवतात? जिच्याकडे राहते त्या घरमालकिणीनं ताट वाढलं, तसंच परत दिलं. रडूही येत नाही. नुसती आग.

१७ सप्टेंबर

आज मशीनवर बसले! फोटोसाठी.

बाहेरून कुणीतरी साहेब आले होते. मालकानं मला दंडाला धरून मशीनवर बसवलं, शेजारी उभा राहिला, हात माझ्या डोक्यावर. देवळातल्यासारखा. मशीनला दोरासुद्धा ओवलेला नव्हता. फोटो झाला, साहेब गेले, मला उठवलं. कात्री परत हातात.

आता ते फोटो सगळीकडे फिरतील. मालक किती दयाळू!

१९ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर होत्या. बसले आणि एक कॉलर शिवली. कुणाला न विचारता. वत्सलाबाई येऊन उभी राहिली. उलटून बघितली, शिवण ओढून बघितली. खोट सापडेना. मी तोंडानं विचारलं, जसा निघेल तसा आवाज काढून — "का? मला का नाही?"

कॉलर ढिगात टाकली न् गेली. तिचा फोन टेबलावर लखलखत होता, तोही उचलला नाही. एवढा माज!

२४ सप्टेंबर

आईचा व्हिडिओ कॉल. मागे अण्णा कोयत्याला धार लावत होते. ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर ठरलाय. आईनं खुणेनं विचारलं — मशीन? मी कॉल बंद केला.

एक रीळ कुर्त्याच्या खिशात ठेवलंय. उद्या तिनं मारलं की मीही मारणार. तोंडावर. मग काढू दे कामावरून!

२५ सप्टेंबर

मालक मागच्या दारानं आला. समोरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. हाक मारली असणार. वत्सलाबाई दाराकडे पाठ करून कापड बेतत होती. तिची मान हलली नाही. मालकाचं तोंड पुन्हा उघडलं, केवढं तरी मोठं. तरी नाही.

स्कार्फ. फोन. ते ओरडून बोलणं. मला झर्रकन सगळं कळलं.

रीळ हातात होतं. उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवला, दाराकडे बोट केलं.

ती वळली. आधी माझ्याकडे. मालकासमोर माझ्या पोटात जी भीती असते, तीच तिच्या तोंडावर. ओठ हलले — "सांगू नगं."

नंतर संस्कृतीनं लिहून विचारलं, "काय म्हणली गं ती? आमाला तर काईच ऐकू न्हाई आलं."

मी लिहिलं — काही नाही.