बारावा ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार
आणि म्हणे टोळी मी मोडली! नवलभाऊ मोठा भाऊ आहे, केळी कापायच्या टोळीचा मुकादम आहे, म्हणून काहीही बोलायचं? अकरा जण आहेत की अजून. माझ्या जागी घ्या ना कोणाला! बंगलोरला येऊन आठ महिने झाले, दर फोनला तेच – "काबरं घेऊ? तू मेला का?"
मेलो नाही. ऑफिसात चहा देतो.

५ फेब्रुवारी
ऑफिसातल्या जिनल मॅडमनी आज खुर्चीवर बसवलं! त्या जळगावच्या, सराफाच्या घरातल्या. मी सावद्याकडचा कळल्यापासून मराठीच बोलतात. कॉम्प्युटरवर केळीचा बाग केलाय – हिरवा चौकोन, आत ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. प्रत्येकाला दोन-तीन नियम द्यायचे आणि सोडून द्यायचं. सगळे मिळून काय करतात ते बघायचं. माल कुठे अडकतो ते त्यातून कळतं म्हणे.
"बारा जणांची टोळी केलीय. नियम तू सांग. मी केळी नुसती खाल्लीयत."
सांगितलं. एकाने घड कापायचा, दुसऱ्याने खांद्यावर झेलून बांधावर न्यायचा. ओळ संपली की घरी जायच्या टेम्पोत बसायचं. मी सातवी नापास, आणि मॅडम लिहून घेत होत्या!

६ फेब्रुवारी
चुकलं. ज्याची ओळ संपली तो ठिपका टेम्पोत जाऊन बसला. शेवटी एकटाच बिचारा घड वाहतोय, बाकीचे बघतायत.
"तुमच्याकडे असं करतात?"
राग आला मला. असं कसं करतील! मोकळा झालेला माणूस मागे राहिलेल्याच्या ओळीत शिरतो. बाराही बांधावर आल्याशिवाय टेम्पोत कोणी चढत नाही.
"मग काल का नाही सांगितलंस?"
हे काय सांगायचं असतं? श्वास घेतो हे सांगतं का कोणी?

७ फेब्रुवारी
नवा नियम घातला. काय चाललं! मला तर केळीच्या चिकाचा वास आला, खरंच.
मीच म्हटलं, मॅडम, यातला एक बंगलोरला पाठवा. हसल्या. एक ठिपका चौकोनाबाहेर ठेवला.
अकरा जण बांधावर येऊन उभे राहिले. टेम्पोत कोणी चढेना. मॅडमनी दिवस पळवले – आठ दिवस, महिना. उभेच.
"अडकलं रे. बाराव्याला काढून टाकू?"
मी कप उचलले.

९ फेब्रुवारी, रविवार
भाऊला फोन केला. अजून अकराच. रोज दोन ओळी उरतात, घरी जायला अंधार पडतो. मागून वहिनी – "येतो का नई, ते इचारा!"
भाऊ आज भांडला नाही. म्हणाला, "आपली रीत तुले माहीत हाये. जाणाऱ्यानं सोताहून टोळीले जेवण द्यावं, मंग जागा मोकळी. आपण कोणाले काढत नसतो."
माहीत आहे. म्हणूनच आठ महिने दिलं नाही.
भाऊ, मला यायचंय. – हे काही बोललो नाही.

१० फेब्रुवारी
नवलभाऊला जेवणाचे पैसे पाठवले. अकरा जणांची वरण-बट्टी, वांग्याची भाजी, थोडं गोड. दोन हजार दोनशे रुपये.